यादी मोठ्याने वाचली पाहिजे
(अभ्यासपाठ : शेतीचे सरकारी अनुदान, ग्रामसभा आणि आपली जबाबदारी)



आपल्या कामाला हातभार लावणारे बरेच जण शहरात किंवा तालुक्याच्या गावी राहतात. त्यांची भेट झाली की एक प्रश्न हमखास निघतो. "सरकार आदिवासी शेतकऱ्याच्या खात्यावर थेट पैसे टाकते, विहिरीला अनुदान देते, बियाणे देते. मग पाड्यावर अजून इतकी ओढाताण का?" प्रश्न रास्त आहे. त्याचे पूर्ण उत्तर एका लेखात मावणार नाही. पाणी, रस्ता, शाळा, सावकार, ऊसतोडीचे स्थलांतर असे बरेच काही त्यात येते. या अंकाच्या अभ्यासपाठासाठी मी त्यातला एकच धागा घेतला आहे : सरकारी अनुदान कोणाच्या नावावर निघते, ते गावाला कळते का, आणि कळले तर काय फरक पडतो.

मी सातपुड्याच्या पायथ्याशी, नंदुरबार जिल्ह्यातील पाड्यांवर काम करते. आरोग्य आणि शिक्षणाच्या कामाबरोबर लोकांची कागदपत्रे पाहणे हा माझ्या दिवसाचा मोठा भाग झाला आहे. त्यामुळे हा पाठ शक्य तितका साधा आणि उपयोगाचा ठेवला आहे. मंडळीच्या अभ्यासवर्गात, तरुण संघात किंवा महिला मंडळात तो दोन बैठकांत घेता येईल.

१. पैसा कसा येतो

शेतीचे सरकारी साहाय्य अनेक वाटांनी येते. खतावरची सवलत दुकानातल्या किमतीतच मिसळलेली असते. पीकविम्याच्या हप्त्यात सरकारचा वाटा असतो. विहीर, पंप, ठिबक, अवजारे यांसाठी अर्ज करून अनुदान घ्यावे लागते. अनुसूचित जमातीच्या शेतकऱ्यांसाठी आपल्या राज्यात बिरसा मुंडा कृषी क्रांती योजना आहे, ती या प्रकारातली. आणि काही योजनांत रोख रक्कम सरळ बँक खात्यावर जमा होते.

आपण उदाहरण म्हणून शेवटचा प्रकार घेऊ, कारण तो जवळजवळ प्रत्येक पाड्यावर पोहोचला आहे. प्रधानमंत्री किसान सन्मान निधी, म्हणजे बोलीभाषेत पीएम-किसान, २४ फेब्रुवारी २०१९ रोजी सुरू झाली आणि १ डिसेंबर २०१८ पासून लागू धरली गेली. शेतजमीन असलेल्या कुटुंबाला वर्षाला ६,००० रुपये, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत मिळतात. सुरुवातीला ही योजना दोन हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांसाठी होती. २०१९ च्या मध्यात ती मर्यादा काढून टाकली. महाराष्ट्र शासनाने २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात नमो शेतकरी महासन्मान निधी जाहीर करून त्यात आणखी ६,००० रुपयांची भर घातली. म्हणजे आपल्या राज्यातील पात्र कुटुंबाला दोन्ही मिळून वर्षाला १२,००० रुपये मिळतात.

शहरातल्या वाचकाला ही रक्कम लहान वाटेल. एक-दीड एकर कोरडवाहू जमिनीवर भात, ज्वारी, तूर घेणाऱ्या घरात जून महिन्यात हातात आलेले दोन हजार म्हणजे बियाणे आणि खताची एक गोणी. ते वेळेवर आले नाहीत तर तोच पैसा व्याजाने उचलावा लागतो.

या योजनेत कोण बसत नाही, हेही लक्षात ठेवायला हवे. आजी-माजी मंत्री, खासदार, आमदार आणि जिल्हा परिषदेचे अध्यक्ष वगळलेले आहेत. सरकारी आणि निमसरकारी कर्मचारी, तसेच महिना १०,००० रुपये किंवा अधिक निवृत्तिवेतन घेणारे वगळलेले आहेत; चतुर्थ श्रेणीतल्यांना मात्र सूट आहे. मागच्या वर्षी आयकर भरलेले, आणि व्यवसाय करणारे नोंदणीकृत डॉक्टर, वकील, अभियंते, सनदी लेखापाल, वास्तुविशारद हेही वगळलेले आहेत. इथे कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अज्ञान मुले. त्यांच्यापैकी एक जण जरी या वर्गात मोडत असला तरी ते कुटुंब अपात्र ठरते. नवरा शेती करतो आणि बायको सरकारी दवाखान्यात परिचारिका आहे, तर सातबारा नवऱ्याच्या नावावर असला तरी तो लाभ घेऊ शकत नाही. हे वाक्य मी मुद्दाम लिहिले आहे. त्याच्याकडे आपण पुन्हा येऊ.

२. यादीत दोन तऱ्हांचे दोष असतात

कोणत्याही लाभार्थी यादीत दोन तऱ्हांनी बिघाड होतो. ज्याचा हक्क नाही तो आत शिरतो, आणि ज्याचा हक्क आहे तो बाहेर राहतो.

पहिल्या दोषाची वर्तमानपत्रांत खूप चर्चा होते. माहिती अधिकाराचे अभ्यासक वेंकटेश नायक यांना केंद्रीय कृषी मंत्रालयाने दिलेली माहिती जानेवारी २०२१ मध्ये बाहेर आली. तीनुसार पीएम-किसानचे १,३६४ कोटी रुपये २०.४८ लाख अपात्र लोकांना गेले होते आणि त्यांत निम्म्याहून अधिक आयकर भरणारे होते. त्याच वर्षी जुलैमध्ये केंद्रीय कृषिमंत्र्यांनी संसदेत सांगितलेला आकडा याच्या दुप्पट होता : ४२.१६ लाख अपात्र शेतकरी आणि वसूल करायचे सुमारे २,९९२ कोटी रुपये. आपल्या राज्यातले लाखो लोक त्यांत होते. तामिळनाडूत २०२० मध्ये अधिकाऱ्यांचे पासवर्ड वापरून सुमारे साडेपाच लाख अपात्र नावे यादीत घुसवल्याचे उघड झाले. त्यांतल्या अनेक गरिबांना हा कोरोनाचा मदतनिधी आहे असे सांगून त्यांची कागदपत्रे घेतली होती. नंतर वसुली आली ती त्यांच्यावर.

दुसरा दोष शांत असतो. ३१ मे २०२२ रोजी सोडलेला अकरावा हप्ता १० कोटींहून अधिक कुटुंबांना गेल्याचे सरकारने सांगितले. त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला बारावा हप्ता सुटला तेव्हा हा आकडा सुमारे ८ कोटींवर आला होता. मधल्या काळात जमिनीच्या नोंदी जोडणे, आधार जोडणे आणि ई-केवायसी या अटींची छाननी कडक झाली होती. गळालेल्यांत खरेच अपात्र असलेले होते. पण अंगठ्याचा ठसा उमटत नाही, आधारवरचे नाव आणि सातबारावरचे नाव जुळत नाही, किंवा मोबाइलच नाही, एवढ्याच कारणाने थांबलेले शेतकरीही होते. यातले काही मी स्वतः पाहिले आहेत. अपात्र माणसाने घेतलेले पैसे नोटीस काढून परत मागता येतात. ज्याचे नाव गळाले त्याला मात्र आपले नाव गळाले हे कळायलाच वर्ष लागते, कारण बँकेत जाऊन पासबुक भरून घ्यायला एक मजुरी बुडते.

३. पाड्यावर ही गळती कशी होते

मला वारंवार भेटणारी तीन कारणे सांगते.

पहिले कारण वारसनोंद. घरचा कर्ता वारला की हप्ता बंद होतो. विधवेचे किंवा मुलांचे नाव फेरफार होऊन सातबारावर चढले तरच नव्याने अर्ज करता येतो. नियमाप्रमाणे १ फेब्रुवारी २०१९ नंतर जमीन नावावर झालेल्यांना लाभ नाही, पण मृत्यूनंतर वारसाने आलेली जमीन या अटीतून वगळलेली आहे. ही सूट बऱ्याच बायांना ठाऊकच नसते. मृत्यूचा दाखला काढलेला नसतो, आजोबाच्या नावावरची जमीन चार भावांत तोंडी वाटलेली असते, आणि तलाठ्याकडे चार फेऱ्या मारणे म्हणजे चार दिवसांची मजुरी.

दुसरे कारण वनपट्टा. २००६ च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासींना चार हेक्टरपर्यंत हक्क दिला. तो हक्क वारसाने पुढे जातो, विकता येत नाही, आणि विवाहितांच्या बाबतीत पती-पत्नी दोघांच्या नावे नोंदवायचा असतो. असे पट्टेधारक पीएम-किसानमध्ये बसतात. पण त्यांच्या हातात नेहमीच्या सातबाराऐवजी वनहक्काचे प्रमाणपत्र असते. संगणकावर सर्व्हे नंबर टाकून जमीन शोधणाऱ्या मुलाला तो कागद नवखा वाटतो आणि "जमीन दिसत नाही" म्हणून तो अर्ज परत करतो. एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक बंधनकारक झाला आहे. तिथेही वनपट्टेधारकाने आपली नोंद झाली की नाही हे मुद्दाम विचारून घ्यावे.

तिसरे कारण ठसा आणि फोन. आयुष्यभर कोयता-कुदळ धरलेल्या बोटांच्या रेषा झिजतात. यंत्र ठसा घेत नाही. जून २०२३ पासून मोबाइलवर चेहरा दाखवून ई-केवायसी करण्याची सोय आली आहे. तिने ही अडचण बरीच सुटू शकते, पण त्यासाठी चांगला फोन, इंटरनेटची रेंज आणि तो वापरणारा एक भला माणूस लागतो.

आमच्या भागातल्या एका पाड्यावर आम्ही तरुण संघाच्या मुलांकडून गावाची लाभार्थी यादी संकेतस्थळावरून काढून घेतली आणि ग्रामसभेत मावचीत समजावून सांगत, एकेक नाव वाचून दाखवले. सुरुवातीला लोक हसत होते, कारण कागदावरचे नाव आणि पाड्यावरचे हाक मारायचे नाव वेगळे. दहा-बारा नावांनंतर सभा शांत झाली. पाच नावे कोणालाच ओळखू येईनात. तेवढ्यात मागून एक जण म्हणाला, "आपल्याला पैसे येतात हे इथल्या सगळ्यांना माहीत, पण माझ्या भावजयचं नाव अजून आलं नाही." ती भावजय तिथेच बसली होती. नवरा जाऊन तीन वर्षे झालेली. हप्ता बंद झाला तेव्हा सरकारने योजनाच बंद केली असे तिला वाटले होते. त्या दिवशी तिच्यासारखी आणखी सात घरे पुढे आली.

त्या पाच अनोळखी नावांचे पुढे काय झाले, तेही सांगते. दोन नावे गावातल्याच माणसांची होती. शाळेच्या दाखल्यावरचे नाव कोणाला ठाऊक नव्हते. एक माणूस वारला होता आणि घरच्यांनी कळवले नव्हते. एक नाव चुकून शेजारच्या गावाचे इथे चढले होते. पाचवे नाव तालुक्याला राहणाऱ्या एका शिक्षकांचे निघाले. वडिलोपार्जित जमीन नावावर, नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत. ते आपल्याच मंडळीचे सभासद. कोणीतरी सेवा केंद्रात कागद दिले होते आणि हप्ते येत राहिले, असे ते म्हणाले. त्यांना कोणी गावासमोर उभे केले नाही. पाळकसाहेब आणि पाड्याचे कारभारी त्यांच्या घरी जाऊन बोलले. त्यांनी सगळी रक्कम परत भरली आणि पावती स्वतःहून कारभाऱ्यांना दाखवली. आज त्या विधवेचे कागद तयार करून देण्यात त्यांचाच सर्वांत मोठा हात आहे. तिचा हप्ता आठ महिन्यांनी सुरू झाला. बाकीच्या सात घरांपैकी चारांचे काम झाले. तिघे अजून वारसनोंदीसाठी थांबले आहेत.

४. यादी पाहण्याचा अधिकार कुठून येतो

काही गावांत यादी मागितली की, "तुम्हाला कशाला हवी?" असे उत्तर मिळते. त्या वेळी कायदा माहीत असलेला बरा.

माहितीचा अधिकार अधिनियम २००५ च्या कलम ४ नुसार प्रत्येक सार्वजनिक कार्यालयाने काही माहिती कोणी मागण्याची वाट न पाहता स्वतःहून प्रसिद्ध करायची आहे. त्या यादीतली बारावी बाब अनुदानाची आहे : अनुदान कार्यक्रम कसे राबवले जातात, त्यासाठी किती रक्कम दिली आणि लाभार्थी कोण. याच कलमात असेही सांगितले आहे की माहिती देताना स्थानिक भाषा आणि त्या भागात चालणारे संपर्काचे साधन विचारात घ्यावे. आमच्या पाड्यांवर याचा अर्थ सरळ आहे : जिथे वाचता येणारे थोडे आहेत तिथे यादी नुसती चिकटवून भागत नाही, ती वाचून दाखवावी लागते.

माहिती प्रसिद्ध केलेली नसेल तर अर्ज करता येतो. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला तेही नाही. उत्तर ३० दिवसांत मिळाले पाहिजे. मिळाले नाही तर त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे पहिले अपील करता येते.

अनुसूचित क्षेत्रासाठी १९९६ चा पेसा कायदा आहे. त्यात गरिबी निर्मूलन आणि इतर कार्यक्रमांचे लाभार्थी निवडण्याची जबाबदारी ग्रामसभेवर आहे, आणि पंचायतीने खर्च केलेल्या निधीचा दाखलाही ग्रामसभेकडून घ्यायचा आहे. पीएम-किसानची पात्रता जमिनीच्या नोंदीवरून ठरते, ग्रामसभा तिथे निवड करत नाही. तरीही गावाची यादी ग्रामसभेसमोर ठेवण्यात काहीच आडकाठी नाही, कारण ती योजनेच्या संकेतस्थळावर गावनिहाय आधीच खुली आहे.

मोठ्याने वाचण्याची ही रीत राजस्थानातल्या मजुरांनी देशाला शिकवली. मजदूर किसान शक्ती संघटनेने २ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातील कोट किराना इथे पहिली जनसुनवाई घेतली. सरकारी कामांचे हजेरीपट गावासमोर वाचले गेले, तेव्हा जे कधी कामावर आलेच नव्हते त्यांच्या नावावर मजुरी निघाल्याचे लोकांना कळले. "हमारा पैसा, हमारा हिसाब" ही घोषणा त्याच चळवळीची. माहिती अधिकाराच्या कायद्यामागे जी चळवळ उभी राहिली, तिच्यात या मजुरांचा वाटा मोठा आहे. पुढे सप्टेंबर २०१९ मध्ये राजस्थान सरकारने जनसूचना पोर्टल सुरू करून अनेक योजनांची लाभार्थी माहिती एका जागी खुली केली.

५. नाव उघड करणे बरोबर आहे का?

अभ्यासवर्गात हा प्रश्न कोणीतरी विचारेलच, आणि तो विचारायलाही हवा. कोणाला किती मदत मिळते हे चव्हाट्यावर आणणे म्हणजे गरिबाची लाज काढणे नव्हे का?

युरोपात या प्रश्नावर मोठा वाद झाला. युरोपीय संघ शेतकऱ्यांना फार मोठी अनुदाने देतो. ती कोणाला मिळतात हे पूर्वी गुप्त असे. डेन्मार्कने २००४ मध्ये आणि ब्रिटनने २००५ मध्ये याद्या खुल्या केल्या, तेव्हा ब्रिटनमध्ये मोठे उमराव, साखर कंपनी आणि खुद्द राणी यांची नावे त्यांत दिसली. नंतर सर्व सदस्य देशांना नावे प्रसिद्ध करणे भाग पडले. त्यावर जर्मनीतले दोन शेतकरी न्यायालयात गेले. ९ नोव्हेंबर २०१० रोजी युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की जनतेला हिशेब कळला पाहिजे हा हेतू योग्य आहे, पण रक्कम किती आणि किती काळ मिळाली याचा भेद न करता प्रत्येक व्यक्तीचे नाव टाकणे प्रमाणाबाहेर आहे. कंपन्या आणि संस्थांना हे संरक्षण मिळाले नाही. पुढे नियम बदलले आणि नावे पुन्हा प्रसिद्ध होऊ लागली, पण अगदी लहान रक्कम, म्हणजे जास्तीत जास्त १,२५० युरोपर्यंत, घेणाऱ्याचे नाव झाकले जाते.

आपल्याकडेही हा प्रश्न ताजा आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातील वैयक्तिक माहितीची सूट रुंद केली आहे, म्हणून कार्यालये आता नावे देताना अधिक कचरतील अशी भीती कार्यकर्त्यांना वाटते. तरी कलम ४ मधील अनुदानाची बाब तशीच आहे, आणि लोकहित मोठे असेल तर माहिती देता येते हे कलम ८(२) ही शिल्लक आहे.

माझे मत असे. युरोपात लहान शेतकऱ्याचे नाव झाकणे ही त्याची सोय होते, कारण तिथे त्याचा हप्ता सहसा चुकत नाही. आमच्या पाड्यावर लहान शेतकऱ्याचे नाव झाकले तर ते गळालेले कोणालाच कळत नाही. इथे यादी त्याच्याच बाजूने उभी राहते. मात्र वाचायचे ते नाव, योजना आणि रक्कम. आधार क्रमांक, बँक खाते आणि मोबाइल क्रमांक कधीही वाचू नयेत, भिंतीवर लावू नयेत, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नयेत. आधार क्रमांक जाहीर करणे कायद्यानेही चूक आहे, आणि फसवणूक करणारे त्याचीच वाट पाहत असतात.

६. शास्त्रातला एक दाखला

प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६, वचने १ ते ६ वाचा. पहिल्या मंडळीतही रोजच्या वाटपाची यादी होती आणि तीतही गळती होती. ग्रीक बोलणाऱ्या विधवा वाटपातून सुटत होत्या. भाषेने आणि चालीरीतीने त्या अल्पसंख्य होत्या. कुरकुर झाली तेव्हा प्रेषितांनी ती दाबली नाही. त्यांनी सगळ्या शिष्यांना एकत्र बोलावले आणि सात जणांवर जबाबदारी दिली. त्या सातांची नावे पाहिली तर ती सगळी ग्रीक आहेत. ज्यांची माणसे सुटत होती, त्यांच्याच भाषेच्या माणसांच्या हाती वाटप गेले.

करिंथकरांस दुसरे पत्र, अध्याय ८ चा शेवटही सोबत वाचा. यरुशलेमच्या गरिबांसाठी जमवलेला निधी नेताना पौलाने स्वतःच्या शब्दावर विसंबून राहा असे म्हटले नाही. मंडळ्यांनी पाठवलेले साक्षीदार त्याने बरोबर घेतले. हिशेब दाखवणे म्हणजे अविश्वास, असे त्याने मानले नाही. आपल्या मंडळीच्या आणि आपल्या संस्थेच्या हिशेबालाही हीच कसोटी लागू आहे. आपण ग्रामपंचायतीकडे यादी मागतो, तेव्हा आपली शिष्यवृत्ती आणि धान्यवाटप कोणाला मिळाले ही यादीही मागणाऱ्याला दाखवायची तयारी असली पाहिजे.

७. मंडळी काय करू शकते

(अ) आधी स्वतःपासून. आपल्या सभासदांत शिक्षक, परिचारिका, लिपिक, निवृत्त कर्मचारी पुष्कळ आहेत आणि अनेकांची गावी शेती आहे. वर दिलेले अपात्रतेचे नियम आपल्या घराला लावून पाहा. हप्ता येत असेल आणि हक्क नसेल, तर संकेतस्थळावरील परताव्याच्या सोयीतून किंवा तालुक्याच्या कार्यालयात विचारून रक्कम परत करा. नोटीस येईपर्यंत थांबू नका.

(आ) यादी काढा. संकेतस्थळावर राज्य, जिल्हा, तालुका आणि गाव निवडले की लाभार्थी यादी दिसते. तरुणांना हे काम चांगले जमते.

(इ) यादी पाड्याच्या भाषेत वाचा. गावातल्या दोन जाणत्या माणसांना जवळ बसवा, म्हणजे कागदावरचे नाव आणि हाकेचे नाव जुळवता येईल. ग्रामसभेच्या आधी कारभारी आणि सरपंचांना विश्वासात घ्या.

(ई) आधी सुटलेली नावे लिहा. विधवा, वनपट्टेधारक, म्हातारी माणसे आणि ऊसतोडीला गेलेली घरे मुद्दाम आठवून पाहा. प्रत्येकापुढे अडचण लिहा : वारसनोंद, ई-केवायसी, आधारचे नाव, बँक खाते.

(उ) अनोळखी नावावर लगेच बोट ठेवू नका. आमच्या पाचांपैकी चार नावांत कोणाचीही लबाडी नव्हती. खरोखर शंका असेल तर लेखी अर्ज करा. तो ग्रामसभेचा ठराव म्हणून गेला तर एकट्या माणसावर रोष येत नाही.

(ऊ) पाठपुरावा करा. अर्जाची पोच घ्या, वहीत तारीख लिहा आणि दर महिन्याला एकदा विचारणा करा. मजुरी बुडवून तालुक्याला जावे लागणाऱ्या बाईबरोबर मंडळीतले कोणीतरी गेले, तर काम एका फेरीत होते.

देणगीदार वाचकांना एक सांगावेसे वाटते. एका विधवेची वारसनोंद करून देण्याचा खर्च म्हणजे बसभाडे, छायाप्रती आणि तुमच्यापैकी कोणाचे तरी दोन-तीन दिवस. त्यानंतर तिला दरवर्षी १२,००० रुपये तिच्या हक्काचे मिळतात आणि त्यासाठी तिला कोणापुढे, आपल्यापुढेही, हात पसरावा लागत नाही.

८. गटचर्चेसाठी प्रश्न

१. तुमच्या गावातील किंवा मूळ गावातील लाभार्थी यादी तुम्ही कधी पाहिली आहे का? नसेल तर का?

२. प्रेषितांनी कुरकुर ऐकून सगळ्यांना एकत्र बोलावले. आपल्या मंडळीत मदतवाटपाबद्दल कुरकुर होते तेव्हा आपण काय करतो?

३. त्या शिक्षकांच्या घरी आधी दोघे गेले, गावासमोर विषय काढला नाही. हे योग्य होते का? रक्कम परत करायला त्यांनी नकार दिला असता तर पुढे काय करायला हवे होते?

४. भूमिहीन मजूर आणि बटाईने शेती करणारे पीएम-किसानमध्ये बसत नाहीत. यादी कितीही चोख असली तरी ते बाहेरच राहतात. त्यांच्यासाठी आपण काय करू शकतो?

५. आपल्या मंडळीच्या मदतनिधीची यादी आपण सभेसमोर ठेवतो का? ठेवताना घेणाऱ्याची अब्रू कशी जपावी?

येत्या २ ऑक्टोबरला बहुतेक गावांत ग्रामसभा भरेल. त्याआधीच्या एका रविवारी उपासनेनंतर अर्धा तास राखून ठेवा, यादी काढून आणा आणि सुटलेल्या घरांची वही तयार करा. ज्या मंडळ्या हे करतील त्यांनी किती घरे सुटलेली आढळली आणि किती जणांचे काम झाले, एवढे आम्हाला पत्राने कळवावे. कोणाचेही नाव किंवा क्रमांक पाठवू नये.